केअर ऑफ हॉलिंगवेलबुवा

कॅरी, ९ ऑक्टोबर २००५

चि. केदार,

आधी आशीर्वाद. मग सांग, वेळेवर जेवतोस का?

पाकिटावरची कॅपिटल अक्षरं माझी नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी इंग्रजीत पत्ता लिहिला असता तर पत्र शिकागोऐवजी शेजारच्यांच्या पेटीत पडलं असतं. ज्यांनी लिहिला त्यांनी मला बजावलंय की त्यांचं नाव सांगायचं नाही. मी सांगितलेलं नाही. आता वीज मंडळाच्या नकाशावर सबस्टेशनचं नाव लिहावं तसं एखाद्याचं अक्षर असेल, तर त्याला मी काय करणार?

तुमच्या दौऱ्याच्या तारखा इंटरनेटवर असतात म्हणे. त्यात पुढचं थिएटर कुठलं ते बघायचं आणि तू पोचायच्या आधी पत्र तिथे पोचवायचं, अशी ही योजना. "केअर ऑफ" म्हणून तुझ्या बुवांचं नाव घातलंय, म्हणजे कुणी पत्र फेकून देणार नाही. हो, मी त्यांना हॉलिंगवेलबुवाच म्हणते. नुसतं डेनिस म्हणायला ते काय माझ्या वर्गात होते?

आम्ही दोघं ऑगस्टपासून इथे लेकीकडे, नेत्राकडे आहोत. तिने आमचीही ग्रीन कार्डं करून घेतली. तुझ्या कार्डावरून मात्र घरात अजून विषय निघतो. सहा वर्षं कार्डासाठी फ्रीमाँटच्या त्या ऑफिसात थांबलास आणि कार्ड हातात पडल्यावर दोन महिन्यांत राजीनामा दिलास! लोक कार्ड मिळालं की घर घेतात. तू एका इंग्रज गाणाऱ्याच्या मागे गिटारी लावत फिरायला निघालास. बाबा फोनवर म्हणाले, "हमाली करायला अमेरिकेत गेलास का?" तू म्हणालास, "हो, हमालच आहे. आता फोन करू नका." झालं. दोघांनीही वरच्या पट्टीत एकेक वाक्य म्हटलं आणि त्याला आता तीन वर्षं होत आली.

पण तू भांडलास बाबांशी. मला का शिक्षा? नेत्राला फोन करतोस, तिच्या निधीला पोस्टकार्डं पाठवतोस. फोन बाबांनी उचलला तर काय, म्हणून मला करत नाहीस, असं नेत्रा म्हणते. ती मला म्हणते, "आई, मी तुला ईमेल अकाउंट ओपन करून देते ना." मी नको म्हटलं. ईमेल वाचून पुसून टाकता येतं. माझं पत्र तुला निदान खिशात तरी ठेवावं लागेल.

मला एवढंच हवंय, की तू एकदा ह्या घरात यावंस आणि तुम्ही दोघांनी एका टेबलावर जेवावं. बोलला नाहीत तरी चालेल. वाढायला मी आहे.

तुझी,
आई

कॅरी, २० नोव्हेंबर २००५

चि. केदार,

इथल्या लायब्ररीत तुझ्या बुवांचं चरित्र मिळालं. जाडजूड आहे. नेत्रा शनिवारी निधीला गोष्टींच्या पुस्तकांसाठी नेते, तेव्हा मीही गेले होते. काउंटरवरच्या बाईने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्या नऊवारीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "गुड चॉइस!" मला फार बरं वाटलं.

रोज दुपारी थोडं थोडं वाचते, अडलं की निधीला विचारते. ती म्हणते, "आजी, दॅट्स अ बॅड वर्ड, आय कान्ट टेल यू." असे शब्द पुष्कळ आहेत.

पण माणूस मात्र आपल्यातला निघाला रे. उत्तर इंग्लंडातलं कुठलंसं गिरण्यांचं गाव. आई चर्चमध्ये पियानो वाजवायची, वडील बसचे ड्रायव्हर. पोरगा शाळेतून येऊन जुनाट गिटार घेऊन जिन्याखाली बसायचा, कारण घरात तेवढीच जागा होती. एकोणिसाव्या वर्षी मित्राबरोबर लंडनला पळाला. तिथे त्याने तार बाजूला ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची अशी काही तऱ्हा काढली की सगळ्या देशातली पोरं तारा ओढायला लागली. चरित्रकाराने ह्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. अरे, आपण ह्याला मींड म्हणतो! चार ओळींत झालं असतं. पण इतकी पोरं एका माणसाचं ऐकून शिकली म्हणजे तो गुरूच. तिथे मी वाद घालत नाही.

मग पुढे व्हायचं तेच. पैसा, दारू, मित्राशी फाटाफूट, दोन लग्नं. कर्ण्यांसमोर उभं राहून राहून डावा कान गेला. दहा वर्षं माणूस गायब. गावाबाहेर रोपवाटिका काढून टोमॅटोची रोपं विकत होता. पुढे तरुण वाजवणारे शोधत शोधत तिथे पोचले, "तुमचं ऐकून आम्ही शिकलो" म्हणाले, तेव्हा पुन्हा गिटार हातात घेतली. ते वाचताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सगळ्यात लागलं ते वडिलांचं. बुवांच्या गावात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी वडिलांची ड्यूटी त्याच रस्त्यावर होती. त्यांच्या बसमधून माणसं त्यांच्याच मुलाला ऐकायला उतरत होती. ते दर फेरीला हॉलसमोर बस थांबवायचे, दार उघडायचे, बंद करायचे आणि पुढे जायचे.

हे मी मोठ्याने वाचत होते. बाबा समोर पेपर धरून बसले होते. ऐकत नव्हतेच म्हणे. बऱ्याच वेळाने पेपरमागून आवाज आला, "मग तो ड्रायव्हर शेवटी आत गेला की नाही?"

मी म्हटलं, "नाही गेला. कधीच नाही."

त्यांनी पेपरचं पान उलटलं. मी पुढचं प्रकरण घेतलं.

तुझी,
आई

कॅरी, १७ मार्च २००६

चि. केदार,

चोरी पकडली गेली आहे. चँडलरहून अनिलचा फोन आला होता. तुमचा मुक्काम जवळच होता म्हणून तू त्याच्याकडे जाऊन पोटभर वरणभात खाऊन आलास. चुलतभावाकडे जाता येतं, सख्ख्या बहिणीकडे नाही. असो.

अनिल म्हणाला, "काकू, केदारने जाताना विचारलं की बाबांचं बीपी कसं आहे. बाकी काही नाही बोलला यार... सॉरी काकू." मी त्याला म्हटलं, त्याला सांग, बीपी उत्तम आहे, ताठाही उत्तम आहे.

आणि दुसरंही त्याने सांगितलं. त्याच्या बायकोने तुला रस्त्यासाठी डबा भरून दिला होता, तो तू परत पाठवलास तेव्हा आत संत्री होती. मी लगेच बाबांना सांगितलं. आठवतं ना, शेजारच्यांचा डबा तू रिकामा देऊन आलास म्हणून ह्यांनी तुला भर उन्हात परत पाठवलं होतं, वाटीभर साखर घेऊन? "रिकामा डबा ज्याने परत केला त्याला माणसांची किंमत नाही," असं तेव्हा तुला ऐकवलं होतं. संत्र्यांचं ऐकून म्हणाले, "निदान तेवढं तरी राहिलंय डोक्यात." हे कौतुक होतं बरं का. तुला ओळखू येणार नाही म्हणून सांगितलं.

ते तुझ्या कामाला हमाली म्हणतात, कारण त्यांनी गाण्याची बैठक कधी मागून पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. सात वर्षांचा होतास तेव्हापासून माझ्या गाण्याच्या क्लासच्या आधी दोन्ही तानपुरे तूच लावायचास. जीभ बाहेर काढून, कान तुंब्याला टेकवून. मोठ्या मुलींनी लावलेला तानपुरा तू उतरवून पुन्हा लावायचास आणि त्या चिडायच्या. आता बुवांच्या मागे अंधारात बसून गिटारी लावतोस. जागा तीच आहे, फक्त तारा लोखंडाच्या. आपल्याकडे गुरूच्या मागे बसायला मिळावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं पाणी भरतात. हे मी बाबांना सांगते. ते म्हणतात, "मग त्याला एम.टेक. कशाला लागतं?" ह्याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर कळव.

तुझी,
आई

कॅरी, ४ सप्टेंबर २००७

माझ्या बाळा,

तुझं पाकीट आलं! दोन सीडी आणि चिठ्ठीत तीन शब्द: "आई, पट्टी बघ." पाच वर्षांनी मुलगा आईला लिहितो आणि तेही गृहपाठ देतो!

पण केला मी गृहपाठ. गराजवरच्या खोलीत माझा क्लास असतो, निधी आणि तिच्या दोन मैत्रिणी. त्या यायच्या आधी दार लावून दोन्ही ऐकल्या. गाणं एकच. पहिली सीडी बुवांच्या विशी-पंचविशीतली, दुसरी गेल्या वर्षीची. पहिल्यांदा काही कळलं नाही, नुसता गोंगाट वाटला. मग निधीच्या कीबोर्डवर बोट ठेवून सा शोधला. जुनं गाणं पांढरी पाचमध्ये आहे आणि नवं पांढरी चारमध्ये. बुवांनी अख्खा एक स्वर खाली घेतलाय!

नेत्राला विचारलं तेव्हा तिने फोनवरचं सगळं सांगितलं. रोज वरच्या जागेवर त्यांचा आवाज फाटायचा, आणि सांगायची कुणाची छाती होत नव्हती. तू सांगितलंस. "सगळ्या गिटारी खाली लावून देतो, एकदा गाऊन बघा." त्यांनी चहाचा कप भिंतीवर मारला आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "कर खाली." केदार, साठी उलटलेल्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला त्याच्या मागे बसणाऱ्याने हे सांगायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. आमच्यात तर कुणी तोंड उघडलं नसतं.

आणि नवं गाणंच जास्त चांगलं आहे. जुन्यात नुसती रग आहे. नव्यात माणूस शब्दांवर थांबतो.

मी रेडिओवर काळी चारमधून गायचे. आवाज तिथे पोचेना तेव्हा गाणं सोडून नुसती शिकवायला लागले, हे तू पाहिलंयस. त्या दिवशी मी पट्टी उतरवून काळी दोन लावली आणि भीमपलास गायले. चांगला पाऊण तास. खाली बाबांनी टीव्ही बंद केला. वर आले नाहीत. पण जेवताना त्यांनी विचारलं, "पट्टी खाली घेतलीस का?" मी म्हटलं, "हो, तुमच्या मुलाने सांगितलं." मान खाली घालून त्यांनी भातावर ताक घेतलं. "बरं वाटत होतं ऐकायला," म्हणाले.

तुझी,
आई

कॅरी, २२ एप्रिल २००८

चि. केदार,

आता जे लिहिते ते नीट वाच.

आम्ही नागपूरला परत जातोय. कायमचे. १४ जूनचं विमान आहे. बाबांचं इथे मन रमत नाही. नेत्रा आणि यतीन सकाळी गाडी काढून कामाला जातात ते अंधार पडायला येतात, आणि हे दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांना हिरवळ कापताना बघतात. डॉक्टरांनी आता लांबचा प्रवास पुन्हा पुन्हा नको म्हणून सांगितलंय. म्हणजे गेले की परत येणं नाही. तुझं तिकडे येणं तुलाच ठाऊक.

आणि नेमके २० मे रोजी तुम्ही इथे जवळच, रॅलेला आहात, त्या उघड्यावरच्या नाट्यगृहात. यतीनने तिकिटं काढली आहेत. निधीने शाळेत सांगून ठेवलंय की तिचा मामा रॉकस्टार आहे. मी म्हटलं, मामा त्यांच्या गिटारी लावतो. ती म्हणाली, "सेम थिंग, आजी."

बाबा म्हणाले, "मी गाडीत बसेन. गाडीकडे कुणीतरी पाहिजे." इथे, अमेरिकेत, हजारो गाड्यांमध्ये आपली टोयोटा राखायला! मला तो बस ड्रायव्हर आठवला. येतायत तेवढं पुष्कळ आहे.

तू मधे वेळ काढून बाहेर येशील का? कळव. नाही कळवलंस तरी मी डबा करून आणतेच आहे.

तुझी,
आई

कॅरी, २२ मे २००८

चि. केदार,

डबा पोचला हे कळलं, म्हणजे त्या पहारेकऱ्याने शब्द पाळला. पण तो कसा पोचला हे तुला माहीत नाही. तू त्या वेळी कामात होतास. म्हणून सगळं सांगते.

पहाटे उठून पुडाच्या वड्या केल्या होत्या. इथल्या कोथिंबिरीला वास नाही, तरी केल्या. बाबांच्या नावाचा तो मोठा स्टीलचा डबा भरला आणि पिशवीतून नेला. फाटकावर तपासणाऱ्या पोरीने पिशवी उघडली आणि बॉम्ब बघावा तशी डब्याकडे बघायला लागली. बाहेरचं खाणं नाही, धातू नाही. मी तिला सांगितलं, "माय सन वर्क्स इनसाइड." ती म्हणाली, "स्वीटी, एव्हरीबडी सेज दॅट." शेवटी यतीन धावत गाडीकडे गेला आणि डबा बाबांच्या मांडीवर ठेवून आला.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा अजून ऊन होतं. माझ्या छातीत धडधड होत होती, ती ढोलांमुळे की तुझ्यामुळे सांगता येत नाही. निधीने माझ्या कानात कापूस घातला होता, तो मी हळूच काढून टाकला. बुवा बारीक झालेत. पांढरे केस, काठीसारखे पाय. पण पहिला सूर लावला आणि मी मान डोलावली. शेजारच्या हातभर दाढीवाल्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. मग आम्ही दोघं शेवटपर्यंत एकमेकांना दाद देत होतो.

आणि मग तार तुटली. काळा टी-शर्ट घातलेला एक माणूस वाकून पळत आला, हातात दुसरी गिटार. मी नेत्राचा दंड इतका जोरात धरला की तिला वळ उठलाय. सहा वर्षांनी पाहिलं तुला. केस विरळ झालेत तुझे! बुवांनी लोकांकडे पाठ केली, उजवा कान तुझ्याकडे केला, तू एक तार छेडलीस आणि त्यांनी मान हलवली. त्यांनी तुझ्याकडून सा घेतला, केदार. एवढ्या लोकांसमोर. कुणी टाळी वाजवली नाही, कारण कुणाला कळलंच नाही. मी वाजवली. एकटीने.

सगळं संपवून गाडीकडे आलो तर गाडीत बाबा नाहीत. डबाही नाही. यतीन घाबरला, नेत्रा रडायच्या बेतात. शोधत शोधत मागच्या फाटकाशी गेलो, जिथे तुमचे ट्रक उभे असतात. तिथे एका घडीच्या खुर्चीवर, हातात पाण्याची बाटली घेऊन, बाबा आरामात बसले होते. शेजारी तो धिप्पाड काळा पहारेकरी. दोघांचं जुनी ओळख असल्यासारखं बोलणं चाललं होतं, एक इंग्रजीत, एक नागपुरी इंग्रजीत.

झालं असं. गाडीत उकडत होतं आणि वड्या नासतील ही चिंता. माणूस रागावेल, अबोला धरेल, पण अन्न नासू देणार नाही. म्हणून डबा घेऊन निघाले आणि नाट्यगृहाला वळसा घालून मागे पोचले. पहारेकऱ्याने अडवलं, "हू आर यू, सर?" त्याने मला हे स्वतः सांगितलं. म्हणाला, त्यांनी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "आय ॲम केदार्स फादर."

सहा वर्षांत हे वाक्य त्यांनी घरात उच्चारलं नव्हतं. लग्नाकार्यात कुणी तुझं विचारलं की विषय बदलायचे. आणि ते सांगितलं कुणाला, तर रॅलेच्या एका पहारेकऱ्याला!

तो म्हणाला, "के'ज डॅड? द ट्यूनिंग गाय?" आणि खुर्ची आणून दिली. बिनतारीवर तुला हाक मारायला निघाला, तर ह्यांनी त्याचा हात धरला. "नो, नो. ही इज ऑन ड्यूटी." वीज मंडळात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. ड्यूटीवरच्याला घरच्यांनी हाक मारायची नसते. मग तिथेच बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मागून. भिंतीतून जेवढं ऐकू येतं तेवढं.

मला तुला भेटायचं होतं. पण ट्रक लगेच अटलांटाला निघणार म्हणाले, कुणी आत सोडेना, म्हणून डबा त्या पहारेकऱ्याच्याच हाती दिला. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "केबल चांगल्या गुंडाळतात रे हे लोक. अर्थिंगसुद्धा व्यवस्थित आहे." यतीन म्हणाला, "हो बाबा." मग बाबा म्हणाले, "तो कपाळावर आठी घालतो का अजून, तार लावताना?" मी म्हटलं, घालतो.

मला ह्याच्या पलीकडे काही लिहायचं नाही. ह्या वेळी बाबांनी पाकिटावर नुसता पत्ता लिहिला नाही, पत्राखाली थोडी जागाही मागितली आहे. पेन देते आहे त्यांच्याकडे.

तुझी,
आई

केदार,

डबा पोस्टाने पाठवू नये. पत्र्याला पोचे येतात. स्वतः आणून द्यावा.

तुमच्या दौऱ्यात ९ ते १२ जून कार्यक्रम नाही, हे मी पाहिले आहे. रॅलेला येणारे विमान सकाळी आहे. मी आणि यतीन न्यायला येऊ.

डबा रिकामा आणलास तरी चालेल.

बाबा